उरलेल्या जागी शून्य

८ मार्च

दादा,

फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. म्हणून कागद. तो परत पाठवायचा तरी तुला पोस्टापर्यंत चालत जावं लागेल, आणि चालायचा तुला किती कंटाळा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे.

रविवारी आईला फोन केलास म्हणे. नव्या ऑफिसातली कॉफी कशी असते, खिडकीतून काय दिसतं, वहिनीला तिथली थंडी कशी बाधते, सगळं सांगितलंस. शेवटी विचारलंस, बाबा बरे आहेत ना. आई म्हणाली बरे आहेत. झालं, सुटलास. बाबा तेव्हा तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. तिने फोन त्यांच्या कानाला लावला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

ते कसे आहेत हे मी सांगते. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. बोलायचं झालं की पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहितात आणि अक्षर लागलं नाही तर चिडतात. फुलबाजारात आयुष्यभर लिलाव पुकारलेला माणूस. शेडच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या व्यापाऱ्याला हात वर करायला लावायचे. आता हाक मारायची तर टाळी वाजवतात. मागच्या आठवड्यात न्हाणीघराची कडी आतून अडकली. आई बाहेर कपड्यांचं मशीन लावून बसली होती. बाबा आतून दार ठोकत राहिले, मशीनच्या घरघरीत तिला काही ऐकू आलं नाही. मी कामावरून आले तेव्हा ते ओल्या फरशीवर पंचा गुंडाळून बसले होते. बाहेर आले आणि बोर्ड न घेता आत जाऊन झोपले.

हे असं होणार हे आपल्याला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. स्वरयंत्र काढलं की आवाज गेला. म्हणून तर वाचाउपचार केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या की आधी आवाज साठवून ठेवा, नंतर बाबा टाईप करतील आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल. आणि ते यंत्र कुणाचं? आपलं. टायरवाल्याच्या मागच्या त्या एका खोलीत तू आणि मी बनवलेलं. डबा विकतचा, पण आतली ऑपरेटिंग सिस्टिम आपली, ओळ न् ओळ. वरचं सगळं तू लिहिलंस, डिस्कवर लिहायचा-वाचायचा भाग मी. त्या केंद्राने आपली यंत्रं घेतली तेव्हा आईने शेजारीपाजारी पेढे वाटावेत तसं सांगितलं होतं.

भिंतींना गोधड्या लावून बाबा त्या खोलीत बसायचे. घसा दुखत असताना वाक्यं वाचायचे. "आज हवा छान आहे." "मला थोडं पाणी द्या." मध्येच खोकला आला की तू म्हणायचास, बाबा, परत. आणि ते परत वाचायचे.

इस्पितळातून घरी आले त्या सकाळी आपण यंत्र दिवाणखान्यात आणून लावलं. पडदा उजळला. यादी रिकामी. एक वाक्य नाही. तू मागून वायरी हलवल्यास, दोनदा बंद-चालू केलंस आणि म्हणालास, "डिस्क खराब निघाली. आपलं नशीब." आईने नशीब लगेच उचललं, तिला ते नेहमी हाताशीच लागतं. बाबा पडद्याकडे बघत राहिले. महिना उलटायच्या आत तू नवी नोकरी धरून इतक्या लांब गेलास.

जाताना मला म्हणालास, ती डिस्क टाकून दे, बघून उगाच त्रास होतो. मी टाकलेली नाही. आज एवढंच.

धाकटी


२ एप्रिल

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस, वहिनीला पुढे केलंस. तिचा मेसेज आला. "ते मनाला फार लावून घेतात, तुम्ही जरा समजून घ्या. खराब डिस्क कुणालाही लागू शकते." ती बिचारी तू सांगितलंस तेच लिहिणार. पण मग तिने हे वाचावंच, म्हणून सोपं करून लिहिते. वहिनी, ऐक.

डिस्कवर माहिती खणांमध्ये राहते. त्या खणाला सेक्टर म्हणतात. वर्षानुवर्षं हा खण लहान होता, पाचशे बारा बाइटचा. साऱ्या जगाच्या सिस्टिम त्याच मापाने शिवलेल्या, आमचीही. मग डिस्का मोठ्या झाल्या आणि खणही आठपट मोठे झाले. पूर्वी आठ बिऱ्हाडं आठ खोल्यांत राहायची, आता आठही एकाच दालनात. आणि डिस्कचा नियम असा की दालनात काही ठेवायचं तर अख्खं दालन एकदम लिहायचं. एका बिऱ्हाडाचं सामान हलवायचं असेल तर आधी आठही जणांचं सामान वाचून हाताशी घ्यायचं, त्यातलं एकाचं बदलायचं आणि मग सगळं मिळून परत ठेवायचं. आधी वाचायचं, मग लिहायचं. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही.

काही मोठ्या डिस्का जुन्या सिस्टिमला सांभाळून घेतात. आत दालनं, पण दारावर पाटी जुन्या खोल्यांची, आणि ही उठाठेव त्या स्वतःच करतात. तुझ्या नवऱ्याने आणलेली त्यातली नव्हती. ती सरळ सांगते की माझा खण मोठा आहे. मी माझ्या भागात पहारा ठेवला होता, की अशी डिस्क दिसली तर यंत्राने थांबायचं आणि म्हणायचं, ही चालणार नाही. अजून सहा महिने दे, मी ते नीट करते, असं मी दादाला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

दादा, आता तू ऐक. मी आपला कोड उघडला. पहारा काढलेला आहे. माझ्या भागात, मला न विचारता. त्याच्या जागी तू काय केलंस? एका बिऱ्हाडाचं सामान घेतलंस आणि उरलेल्या सात जागी शून्य भरून अख्खं दालन लिहून टाकलंस. वाचायची पायरी गाळली, कारण ती यंत्र हळू करते आणि तुला केंद्रासमोर ते झपाझप चालताना दाखवायचं होतं. म्हणजे प्रत्येक लहान नोंदीला शेजारच्या सात नोंदी मेल्या. आणि जाहिरातीच्या कागदावर छापलंस, मोठ्या सेक्टरच्या डिस्का चालतात.

रेकॉर्डिंग चालू असताना कळलं कसं नाही, असं आई विचारते. कारण यंत्र बंदच केलं नव्हतं. ते आपल्या डोक्यातलं बघून यादी दाखवत होतं, डिस्कवरचं बघून नाही. घरी न्यायला म्हणून वायर काढली आणि डोकं रिकामं झालं. मग डिस्कवर बघितलं तर यादी जिथून सुरू होते तिथेच शून्य.

तू म्हणशील, ही धाकटीची नेहमीची कुरकुर. म्हणून नवी कोरी डिस्क आणली, त्याच जातीची. तुझी सिस्टिम घातली, मी स्वतः वीस वाक्यं बोलले, बंद केलं, चालू केलं. यादी गायब. ही पण खराब निघाली का? नशीब सगळ्या डिस्कांच्या मागे लागलंय का?

आंधळं दळतं तसं काम तू केलंस आणि खापर डिस्कवर फोडलंस. ती डिस्क आपल्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक होती. तिने विचारल्याबरोबर आपलं माप सांगितलं होतं.

धाकटी


२३ एप्रिल

दादा,

आधीच्या दोन पत्रांत एक गोष्ट लिहिली नव्हती. बाबांना सगळं माहीत आहे. नव्या डिस्कवर मी वीस वाक्यं बोलले ती त्यांच्यासमोर. यादी गायब झाली तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बोर्ड घेतला आणि लिहिलं, "त्याला लिहू नकोस." मी म्हटलं, का? त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "लांब आहे तो. एकटा आहे."

मी भांडले त्यांच्याशी. न बोलणाऱ्या माणसाशी भांडण म्हणजे काय असतं ते एकदा करून बघ. मी एवढी मोठमोठ्याने बोलत होते आणि ते मार्करचं टोपण उघड-बंद करत होते. मी म्हटलं, बायको जवळ असून तो एकटा आहे आणि आम्ही काय जत्रेत आहोत? तुम्ही त्याला पहिल्यापासून पाठीशी घालता. खेळताना खिडकीची काच त्याने फोडली तरी रागे मला भरायचात, कारण मी थांबवलं नाही. ते उठून बाहेर गेले.

मला राग तुझाच होता. पण तू समोर नव्हतास, ते होते.

आता दुसरी गोष्ट. शून्य झाल्या त्या लहान नोंदी. कुठलं वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, त्याचा पत्ता काय, ते. खुद्द आवाज मोठ्या तुकड्यांत लिहिला जातो, अख्खी दालनंच्या दालनं. त्याला तुझं शून्य लागलेलं नाही. बराचसा आवाज तिथेच आहे, फक्त कुणाचं काय आणि कुठलं आधी याचा मागमूस नाही. पुस्तकाची शिवण उसवून पानं अंगणात उधळावीत तसा.

म्हणजे तू जेव्हा "टाकून दे" म्हणालास तेव्हा बाबा त्या डिस्कवर होते. एकदा तरी आत बघितलं असतंस. तुला दिसलं असतं, तुला येतं ते. तू बघितलं नाहीस, कारण बघितलं असतं तर का झालं तेही दिसलं असतं.

मी तुकडे काढायला लागले आहे. कामावरून आल्यावर जेवणापर्यंत तेच करते. एकेक ऐकायचा आणि त्याला नाव द्यायचं. "मला थोडं पा". "छान आहे आज". एका तुकड्यात नुसता खोकला आणि तुझं "परत". तो मी पुसणार होते, पुसला नाही. का ते विचारू नकोस.

पहिले काही तुकडे बाबांना ऐकवले. चूक झाली. त्यांना वाटलं होतं बरं वाटेल, मलाही. "दार उघडा, मी आलोय" एवढंच वाक्य होतं. त्यांनी ते ऐकलं, टेबलावर मूठ आपटली आणि स्पीकरची वायर ओढून काढली. चार दिवस यंत्राजवळ फिरकले नाहीत. आई मला म्हणाली, कशाला जखमेची खपली काढतेस? मी म्हटलं, आई, खपली काढली नाही तर आत पू होतो. ती रडली. मग मी पण.

पाचव्या दिवशी ते आपणहून आले, खुर्ची ओढून बसले आणि बोर्डावर लिहिलं, "क्रम मला माहीत आहे." त्यांनीच तर वाचली होती वाक्यं, एकेक चार-चारदा. आता रोज बसतात. मी तुकडा वाजवते, ते लिहितात. चुकीचा तुकडा चुकीच्या जागी लावला की माझ्या मनगटावर मार्करने टिचकी मारतात.

धाकटी


१७ मे

दादा,

काल तुझा फोन आला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा मला. क्षणभर वाटलं, पत्रं पोहोचली. मग तू ओरडायला लागलास.

काय झालं ते इथे क्रमाने लिहिते, म्हणजे तुला सोयीचं तेवढंच लक्षात राहणार नाही.

दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी केंद्रातल्या बाई आपल्या खोलीवर आल्या. म्हणाल्या, तुमच्या भावाने नवीन यंत्रं पाठवली आहेत, आधीपेक्षा मोठ्या डिस्कची, जरा लावून द्याल का? मी विचारलं, कुठल्या डिस्का? त्यांनी डब्यावरचं वाचून दाखवलं. मी विचारलं, सिस्टिम नवीन आहे का? तीच, म्हणाल्या. तुमच्या भावाने सांगितलंय, सगळं तपासलेलं आहे.

गुरुवारपासून एक शाळामास्तरीण आवाज साठवायला बसणार होत्या. त्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यांना वर्गात हजेरी घेतानाचा आवाज हवा होता. मुलांची नावं स्वतःच्या आवाजात.

तुला बाबांचं काय झालं ते माहीत होतं. माझी पहिली दोन्ही पत्रं तुझ्या घरात होती. तरी तू तीच सिस्टिम, तसल्याच डिस्का, दुसऱ्या माणसाच्या गळ्याला लावायला पाठवल्यास. पहिल्या वेळी तू घाई केलीस असं मी म्हणू शकले असते. ही घाई नाही. याला काय म्हणायचं ते तूच ठरव. मला शब्द सापडतो आहे, पण आई हे पत्र वाचते पाकिटात घालायच्या आधी.

मी बाईंना बसवलं आणि सगळं सांगितलं. नव्या डिस्कवरचा प्रयोग त्यांच्यासमोर केला. त्या दोन वाक्यं बोलल्या, मी यंत्र बंद केलं, चालू केलं. त्यांनी रिकामी यादी बघितली. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं असं झालं हे मला तुम्ही जानेवारीत का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, तेव्हा मलाही डिस्कच खराब वाटत होती. त्या म्हणाल्या, "आणि एप्रिलमध्ये?"

एप्रिलमध्ये मला वाटलं होतं की तू पत्र वाचशील आणि स्वतः त्यांना कळवशील. हे मी त्यांना सांगितलं नाही. ऐकायलाही मूर्खपणाचं वाटलं असतं.

नवी यंत्रं त्यांनी त्याच दिवशी परत केली. जुन्या यंत्रांत लहान खणांच्याच डिस्का आहेत, ती धोक्याची नाहीत, हे मी पटवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीही काढून टाकली. मी म्हटलं, मी वाचायची पायरी लिहून काढली आहे, आता मोठ्या डिस्काही चालतात, वायर काढून-लावून तपासलंय, यंत्र जरा हळू चालतं पण एक नोंद जात नाही. त्या म्हणाल्या, "असेल. पण तुमच्या घरातलं आता काहीच नको." शाळामास्तरणींचा आवाज दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर साठतो आहे. चांगलं झालं. मला वाईट वाटतं आणि चांगलंही झालं, दोन्ही खरं आहे.

तर या सगळ्यावर तू फोनवर म्हणालास की मी धंदा बुडवला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली. तुझ्या नव्या साहेबांना ती सिस्टिम विकत घ्यायची होती आणि आता ते मागे हटले. मग आवाज खाली आणून म्हणालास, "तुला माझं कधी बरं बघवलंच नाही." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी तुझ्या हुशारीवर माझ्या मैत्रिणींसमोर फुशारक्या मारल्या आहेत, दादा. तुझी सायकल मी पुसायचे.

तेवढ्या बोलण्यात बाबांचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते.

खोली मी सोडली. टायरवाल्याने जागा लगेच टायरांनी भरली. मी शहरातल्या एका मोठ्या गोदामाच्या संगणकांची देखभाल बघते आहे. तिथे मला कुणी धाकटी म्हणत नाही, बरं वाटतं.

धाकटी


९ जून

दादा,

हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलं आहे. आता ते सांगू शकतात.

परवा आम्ही शेवटचा तुकडा लावला. सगळं मिळालं नाही. "ळ" असलेले शब्द कमी आहेत, आणि मोठे आकडे अडखळतात. पण ते टाईप करतात आणि साठवलेले शब्द जोडून त्यांच्याच आवाजात नवं वाक्य निघतं. पहिलं वाक्य त्यांनी आईला उद्देशून लिहिलं. ती स्वयंपाकघरात होती, पाठमोरी. "अगं, चहा टाक." तिने सवयीने "हो" म्हटलं, भांडं चढवलं, पाणी ओतलं, आणि मग तिचा हात थांबला. ती वळली नाही. तशीच ओट्याला धरून उभी राहिली. बाबांनी तेच वाक्य पुन्हा दाबलं.

काल दुपारभर ते यंत्रासमोर बसून होते, मला जवळ येऊ देत नव्हते. मी दारातून बघत होते. टाईप करायचे, ऐकायचे, मान हलवून पुसायचे. शेवटी वैतागून मला बोलावलं आणि बोर्डावर लिहिलं, "यात शिव्या नाहीत."

खरंच नाहीत. केंद्राने दिलेली वाक्यं सगळी सभ्य. आज हवा छान आहे. आपण कसे आहात. आभारी आहे. तुझ्यावर ओरडता येईल असा एक शब्द बाबांनी साठवलेला नाही, कारण तेव्हा त्यांना तुझ्यावर ओरडायचं नव्हतं. बाजारातल्या हमालांना घाम फोडणारा माणूस, आणि आता त्याच्याकडे राग आहे आणि शब्द मात्र पाहुण्यांसमोर बोलायचे. मला हसू आलं. ते रागावले, आणि मग तेही हसले. आवाज येत नाही त्यांच्या हसण्याला, खांदे तेवढे हलतात.

मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात ना, तो एकटा आहे, त्याला लिहू नकोस. त्यांनी यंत्राकडे तोंड केलं आणि सावकाश टाईप केलं. शाळामास्तरीणबाईंची गोष्ट मी त्यांना सांगितली आहे, हे तुला कळायला हवं. यंत्र म्हणालं, "माझं गेलं ते मी सोडलं होतं. त्या बाईंचं घालवायचा हक्क त्याला कुणी दिला होता?"

मी तुला फोन लावून देते म्हटलं. नको म्हणाले. यंत्राच्या आडून बोललो तर तो तिकडे फोन बाजूला ठेवून देईल. तोही माझाच मुलगा आहे, मला माहीत आहे.

म्हणून निरोप असा. त्यांनी तो टाईप केला, दोनदा ऐकला आणि मला लिहून घ्यायला लावला. "तिकीट काढ आणि ये. माझ्यासमोर बस. मला हळू बोलावं लागतं, तू मध्ये बोलू नकोस. माझं संपलं की मग बोल."

आई म्हणते, तुझी खोली झाडून ठेवते. मी नाही झाडणार. माझा राग आहे तिथेच आहे, तो बाबांच्या रागात मिसळू देऊ नकोस. त्यांचा ऐकून झाला की माझा ऐकायचा. मला यंत्र लागत नाही, आणि माझ्याकडे शब्दांची टंचाई नाही.

धाकटी